भाव खंडाळ्यात ठरतो

श्रीगोंद्याच्या लिंबाला वाशीच्या बाजारात काय भाव मिळायचा, हे पुष्कळदा खंडाळ्यात ठरतं. माल हिरवा आहे की पिवळा, साल पातळ आहे की जाड, डाग किती, हे सगळं नंतरचं. आधी गाडी पहाटेच्या बाजाराला पोहोचली पाहिजे. घाटात एखादा टँकर आडवा झाला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली, की तिकडं मोठं गिऱ्हाईक खरेदी करून निघून जातं. मग उरलेल्या मालाला दलाल म्हणेल तो भाव. त्यात हस्त बहाराची लिंबं असली तर जीव आणखी खालीवर होतो. हस्ताच्या पावसाच्या सुमाराला फुटलेला हा बहार ऐन उन्हाळ्यात तोडणीला येतो आणि वर्षातला चांगला पैसा त्यातच असतो. ताडपत्रीखाली गोण्या तापतात, रात्री हिरवी भरलेली लिंबं दुपारपर्यंत रंग बदलायला लागतात. शेतकरी घरी बसून फोन करतो, "लागली का गाडी?" आणि गाडी पाडलेल्या अमृतांजन पुलाच्या जागेजवळ पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत उभी असते.

मी या धंद्यात आधी दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर होतो, मग ड्रायव्हर झालो, मग कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली. आता स्टेअरिंग मुलाकडं आहे. आमचा श्रीगोंदा तालुका भीमा आणि घोडच्या खोऱ्यातला, तसा सपाट. डोंगर म्हणावा असं इथं फार काही नाही. त्यामुळं आमच्याकडच्या माणसाला घाट म्हणजे दुसऱ्याच्या मुलखातली गोष्ट वाटते. सहलीला जायचं, भजी खायची, फोटो काढायचे. माझं म्हणणं उलटं आहे. घाटाशी आमचं पोट जितकं बांधलेलं आहे तितकं लोणावळ्याच्या चिक्कीवाल्याचंही नसेल. लिंबू जातं घाटातून, आणि त्या लिंबाच्या मुळाशी पडणारं पाणी येतं तेही घाटावरूनच. पाण्याचं पुढं सांगतो.

आधी घाटाची घडण. मुंबईकडून येणाऱ्याला सह्याद्री डोंगर म्हणून दिसतो, समोर उभी भिंत. श्रीगोंद्याहून जाणाऱ्याला तो डोंगर म्हणून दिसतच नाही. आपण शिरूर, पुणे, तळेगाव करत जातो, जमीन हळूहळू वर चढत असते, गाडीलाही ते फारसं कळत नाही. श्रीगोंदा समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, लोणावळा सव्वासहाशेच्या आसपास. इतक्या लांबच्या वाटेत चढ तेवढाच. आणि मग खंडाळ्याच्या पुढं, बोरघाटात, जमीनच संपते. खाली खोपोली, समुद्रापासून शंभर मीटरही उंच नसलेली. म्हणजे पाचशे मीटरची उंची थोडक्या अंतरात उतरून जायची असते.

याचं कारण जुनं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत आपला सगळा दख्खनचा पठारी मुलूख तयार झाला. या पठाराचा कल पूर्वेकडं आहे. म्हणून भीमा भीमाशंकरला उगवते, अरबी समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर असतो, तरी ती त्याच्याकडं पाठ करून आमच्या शिवारातून थेट बंगालच्या उपसागराच्या दिशेनं जाते. पश्चिमेची बाजू मात्र कड्यासारखी तुटलेली. देशावरून कोकणात उतरायचं तर त्या कड्यात जिथं कुठं फट, खिंड, सोंड मिळेल तिथूनच उतरावं लागतं. थळ, माळशेज, नाणेघाट, बोरघाट, ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, आंबोली ही सगळी त्या एकाच कड्यातली दारं.

देशावरचे घाट वेगळे. नगरहून पाथर्डीला जाताना करंजी घाट लागतो, संभाजीनगरच्या रस्त्याला इमामपूरचा, संगमनेरकडं चंदनापुरीचा. तिथं टेकडी चढायची आणि पलीकडं उतरायची, किंवा पठाराची एक पायरी ओलांडायची. अवघड तेही आहेत, करंजीच्या वळणांवर माणसं गेलेली आहेत. पण कोकणात उतरणाऱ्या घाटाला जो एकसलग, न संपणारा उतार असतो, तो ड्रायव्हरची परीक्षा घेतो.

चढणं सोपं असतं, हे वाचणाऱ्याला खरं वाटणार नाही. चढाला गाडी फार तर दम टाकेल, इंजिन गरम होईल, उभी राहील. क्लीनरनं उडी मारून चाकामागं दगड लावला की झालं. उतारावर गाडी थांबवणं हेच काम असतं. हिशोब करून बघा. मालासकट 16 टनांची गाडी पाचशे मीटर खाली उतरते, तेव्हा त्या उंचीतली सगळी ताकद कुठंतरी गेली पाहिजे. ती सगळी ब्रेकवर सोडली तर तिची उष्णता होते, आणि ती उष्णता दोनशे लिटरच्या बॅरलभर गार पाण्याला उकळी आणायला पुरून उरेल एवढी असते. हे सगळं चाकांच्या आतल्या लोखंडी ड्रमनं आणि त्याला घासणाऱ्या लायनरनं सोसायचं. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब सरकतो. लायनरही तापून गुळगुळीत होतो, त्याची पकड जाते. मग पायाखाली पेडल असतं, ते दाबलंही जातं, पण गाडी ऐकत नाही. बातमीत "ब्रेक निकामी झाल्याने" असं छापून येतं. ब्रेक बहुतेक वेळा मोडलेला नसतो, जळालेला असतो.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या उस्तादांचा एकच नियम होता: ज्या गिअरला गाडी घाट चढेल, त्याच गिअरला ती उतरवायची. खंडाळ्याच्या अलीकडं ते गाडी बाजूला घ्यायचे, चहा प्यायचे, आणि मला म्हणायचे, "जा रं, चाकं बघून ये." चाकाजवळ हात नेला की उष्णता कळते. वास घेतला की लायनर जळतोय का ते कळतं. ड्रम तापलेला असला तर बसून राहायचं. त्यावर पाणी ओतायचं नाही, तापलेलं लोखंड तडकतं. मग सेकंड गिअर. इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं, आवाज मोठा येतो, मागचे कारवाले हॉर्न मारून मारून थकतात. उस्ताद शांत. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो चालू ठेवायचा. इंजिनातून धूर बाहेर पडायची वाट त्यानं अडते आणि इंजिन आणखी जोरानं गाडीला रोखतं. पायाचा ब्रेक फक्त वळणाच्या आधी, एकदाच, ठाम दाबायचा आणि सोडायचा. सारखा थोडा थोडा दाबत राहिलं तर ड्रम तापतो, आणि एअर ब्रेकची हवाही उतरते. समोरच्या काट्यावर हवेचा दाब दिसतो. रात्री घाट उतरताना नवा ड्रायव्हर रस्ता बघतो, जुना ड्रायव्हर रस्ता आणि तो काटा असं आलटून पालटून बघतो.

याच्या उलट जी चाल आहे तिला आमच्यात न्यूट्रल मारणं म्हणतात. उतार आला की गिअर काढायचा, काही शहाणे तर इंजिनही बंद करतात, डिझेल वाचवायला. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला हवा भरणारा कंप्रेसर बंद, स्टेअरिंग जड, आणि इंजिनची ओढ संपली. सोळा टन आणि चार-दोन लायनर एवढंच उरलं. गंमत अशी की त्यात डिझेलही वाचत नाही. हल्लीच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनात डिझेल जाणंच थांबतं, चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायलाच डिझेल लागतं. हे मी कितीतरी पोरांना सांगितलं. मान डोलावतात आणि पुढच्या उताराला गिअर काढतात, कारण मालकानं डिझेल मोजून दिलेलं असतं. कात्रजकडून पुण्यात उतरणाऱ्या नवले पुलाच्या उतारावर नोव्हेंबर 2022 मध्ये एका अवजड गाडीनं कितीतरी गाड्यांना ठोकरलं, ते सगळ्या राज्यानं टीव्हीवर पाहिलं. तो तर घाटही नाही, घाटाची शेपूट आहे.

नियमाची आणखी एक गोष्ट, जी कारवाल्यांना ठाऊक नसते. अरुंद चढावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर आधी वाट चढणाऱ्या गाडीला द्यायची, हे वाहतुकीच्या नियमांतच आहे. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलणं कठीण, मागं सरकायची भीती. वरून येणाऱ्यानं थांबावं. प्रत्यक्षात ज्याचा हॉर्न मोठा तो आधी जातो, हा भाग निराळा.

या दारांतून माणसं कधीपासून जातायत हे बघायचं तर जुन्नरजवळच्या नाणेघाटात जावं. सातवाहनांच्या काळातली, दोन हजार वर्षांपूर्वीची ही वाट. वर गुहेत ब्राह्मी लिपीतला राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे, त्यात यज्ञांत दिलेल्या दानांचे आकडे कोरलेले आहेत. आपल्याकडं अंक लिहिण्याच्या पद्धतीचा तो फार जुना पुरावा मानला जातो. आणि घाटाच्या तोंडाशी दगडाचा मोठा रांजण. येणाऱ्या-जाणाऱ्याकडून जकात घ्यायची आणि त्यात टाकायची, असं सांगतात. सोपारा-कल्याणच्या बंदरातला माल बैलांच्या, गाढवांच्या पाठीवरून इथून जुन्नरला चढायचा. मी पहिल्यांदा तो रांजण बघितला तेव्हा बरोबरचा ड्रायव्हर म्हणाला, "बघा, टोलनाका. फास्टॅग तेवढा नाही."

चाकाची गाडी मात्र त्या काळी या वाटांनी गेली नाही. मीठ वर, धान्य खाली, सगळं जनावराच्या पाठीवर. ज्याला तोफा आणि हत्ती घेऊन उतरायचं होतं त्याचे हाल झाले. 2 फेब्रुवारी 1661 ला कारतलबखान लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या वाटेनं फौज घेऊन कोकणात उतरत होता. शिवाजी महाराजांनी त्याला खाली उंबरखिंडीत गाठलं. अरुंद वाट, पुढं मराठे, मागं मराठे, पाणी नाही. खानाला हत्यारं ठेवून, दंड भरून सुटावं लागलं. सपाटीवर मोठी फौज म्हणजे बळ, खिंडीत तीच फौज स्वतःची वाट अडवून बसते. वीकेंडला बोरघाटात अडकलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

आमच्या तालुक्यातलं पेडगाव याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. भीमेच्या काठचा तिथला बहादूरगड म्हणजे मोगलांची मोठी छावणी. सपाट मुलूख, नदीचं पाणी, घोड्यांना चारा, हत्ती-तोफांना मोकळी जागा. मोगली फौजेला जे हवं ते सगळं इथं होतं. मराठ्यांचं बळ घाटात, यांचं मैदानात. 1689 मध्ये संगमेश्वरला पकडलेल्या संभाजी महाराजांना घाट चढवून याच पेडगावला आणलं गेलं. गडाच्या पडक्या भिंतींत उभं राहून पश्चिमेकडं बघितलं तर नजर जाईल तिथपर्यंत ऊसच दिसतो, सह्याद्री कुठं दिसत नाही.

बोरघाटातून चाकाची गाडी जाईल असा रस्ता झाला 1830 मध्ये, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत. मग आली रेल्वे. बोरघाटाच्या रेल्वेचं काम 1856 मध्ये सुरू झालं आणि 1863 मध्ये गाड्या धावल्या. इंजिनिअर जेम्स बर्कले. चढ 37 फुटांमागं एक फूट, पंचवीस बोगदे, आणि एका ठिकाणी वळायला जागाच नसल्यानं गाडीनं तोंड फिरवून उलट्या दिशेनं पुढं जायचं, अशी योजना. ऐन भरात चाळीस हजारांहून जास्त मजूर त्या कड्यावर होते. पटकीनं माणसं किती मेली याची धड नोंदही नाही. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा ठेकेदार 1859 मध्ये येऊन काम हाती घेतो न घेतो तोच वारला. त्याची बायको ॲलिस हिनं ठेका सोडला नाही, माणसं नेमून काम पुरं करून घेतलं. त्या काळात, परक्या मुलखात, एका विधवा बाईनं. शाळेच्या पुस्तकात हे कुठं असलं तर मला माहीत नाही, असायला हवं.

मजुरांची नावं कुठंच नाहीत. जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे तेवढंच. शिंग्रोबा धनगर. इंग्रजांना डोंगरात वाट सापडत नव्हती, ती मेंढरामागं फिरणाऱ्या शिंग्रोबानं दाखवली. साहेबांनी बक्षीस काय पाहिजे विचारलं तर म्हणाला, आमच्या देशाला स्वातंत्र्य द्या. त्यांनी गोळी घातली. अशी गोष्ट सांगतात. इतिहास काय म्हणतो ते म्हणो, ट्रकवाला तिथून जाताना खिडकीतून नाणं टाकतोच. उस्ताद टाकायचे, मी टाकायचो. मुलगा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गानं जातो, त्या रस्त्याला देऊळ लागत नाही, म्हणून कधीतरी मुद्दाम जुन्या रस्त्यानं गाडी घालतो. लिंबू-मिरचीही बांधतो, शनिवारी नवी. गाडीत टनांनी लिंबू असताना ते एक लिंबू विकत कशाला घ्यायचं, असं त्याची आई विचारते. त्यानं अजून उत्तर दिलेलं नाही.

घाटातल्या या रेल्वेमुळंच आमच्या तालुक्यातून रेल्वे गेली, हे आमच्याकडं फार जणांना माहीत नसतं. मुंबईहून निघालेले दोन लोहमार्ग कल्याणला फुटले; एक बोरघाट चढून पुण्याकडं, दुसरा थळघाट चढून नाशिक-मनमाडकडं. थळघाटाचा मार्ग 1865 मध्ये खुला झाला. आता उत्तरेचा माल दक्षिणेला न्यायचा तर आधी एक घाट उतरून कल्याणला यायचं आणि पुन्हा दुसरा घाट चढायचा, हा आतबट्ट्याचा व्यवहार होता. तो टाळायला घाटमाथ्याच्या आतल्या बाजूनं दोन्ही मार्ग जोडणारी दौंड-मनमाड लाइन टाकली, ती 1878 मध्ये सुरू झाली. दख्खनच्या मोठ्या दुष्काळाची ती वर्षं. विसापूर, बेलवंडी, श्रीगोंदा रोड ही आमची स्टेशनं त्या लाइनीवरची. दिल्लीकडची गाडी आमच्या उसाच्या फडातून जाते ती घाट चुकवण्यासाठी.

बोरघाटाला आमचा दुसरा पर्याय म्हणजे माळशेज. माल कल्याण-भिवंडीचा असला तर बेलवंडी फाट्यावरून शिरूर न धरता आळेफाट्याकडं जायचं, ओतूर, मढ करत घाट उतरून मुरबाड. डिसेंबरात या रस्त्यासारखा रस्ता नाही. जुलैत मात्र वेगळं. कड्यावरून धबधबे थेट रस्त्यावर पडतात, काचेवर पाणी आदळलं की दोन-तीन सेकंद समोरचं सगळं पुसलं जातं. धुकं असं की बॉनेटच्या पुढं रस्ता आहे हे पांढऱ्या पट्ट्यावरून ओळखायचं. एकदा अशाच पावसात मी काच खाली करून गाडी चालवत होतो, अंग भिजलं तरी चालेल म्हणून. कारण दरड डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला ऐकू येते. आधी खडे टपटपतात. मग रस्त्यावरचं पाणी अचानक तांबडं, गढूळ यायला लागतं. त्या दिवशी पुढच्या वळणावर ते तांबडं पाणी दिसलं, मी गाडी अलीकडंच थांबवली, मागच्यांना हात केला. थोड्या वेळानं वरून माती आणि टेबलाएवढे दगड रस्त्यावर आले. आवाज फार मोठा नव्हता. रस्ता मोकळा व्हायला रात्र गेली आणि कल्याणचा बाजार हातचा गेला.

ते पाणी तांबडं का असतं, हे पुढं एका भूगोलाच्या मास्तरांनी मला आळेफाट्यावर मिसळ खाता खाता समजावून दिलं. सह्याद्रीचा काळा दगड दिसतो तसा अखंड नाही. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये मधूनमधून तांबड्या, मऊ मातकट खडकाचा पट्टा असतो. एक थर निवून दुसरा त्यावर यायच्या आधी जो काळ गेला, त्यात वरचा भाग झिजून, भाजून ती तांबडी तयार झाली. पावसाचं पाणी काळ्या दगडाच्या फटींतून आत मुरतं आणि या तांबड्या थरावर येऊन थांबतं. तो थर फुगतो, निसरडा होतो, आणि वरचा काळा दगड सुटतो. रस्ता करताना डोंगराचा पाय कापलेला असतो, म्हणून घाटरस्त्यावर हे जास्त होतं. द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ जुलै 2015 मध्ये दरड कोसळून माणसं गेली, त्यानंतर सुटे दगड पाडून कड्यांना लोखंडी जाळ्या ठोकल्या. जाळी दगड अडवते, पाणी अडवत नाही. पाण्यासाठी वरून चर काढून ते बाजूला न्यावं लागतं, आणि ते चर दर उन्हाळ्यात साफ करावे लागतात. जाळीचं काम एकदाच होतं आणि त्याचा फोटो निघतो. चर साफ करणं दर वर्षी करावं लागतं, त्याचा फोटो कोण काढणार.

आता पाण्याचं. माळशेज उतरायच्या जरा आधी रस्त्याच्या कडेला जे पसरलेलं पाणी दिसतं, जिथं फ्लेमिंगो बघायला लोक येतात, ते पिंपळगाव जोगे धरण. ते कुकडी प्रकल्पाचं. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे आणि हे, अशी पाच धरणं. येडगावच्या डाव्या कालव्यातून हे पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याकडं जातं. आमच्याकडं वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कधी तेवढाही नाही. घाटमाथ्यावर काही हजार मिलिमीटर. समुद्रावरून आलेले ढग कड्याला आपटून वर चढतात, थंड होतात, तिथंच रिकामे होतात. कड्याच्या सावलीत आम्ही. म्हणजे ज्या कड्यानं आमचा पाऊस अडवला त्याच कड्यावर साठवलेलं पाणी कालव्यानं आमच्याकडं येतं, त्यावर लिंबू पिकतं, आणि ते लिंबू पुन्हा त्याच कड्यावरून खाली विकायला जातं. घाटात पाऊस जोरात लागला की गाडीवर असताना मी शिव्या द्यायचो. घरी शेतावर असलो की त्याच बातमीनं बरं वाटायचं, कालव्याचं आवर्तन सुटणार म्हणून.

या पाच धरणांतल्या डिंभ्याच्या वरच्या अंगाला माळीण आहे. 30 जुलै 2014 ला सकाळी डोंगर खाली आला आणि गाव गाडलं गेलं. दीडशेच्या वर माणसं गेली. बाहेर कळलं ते एका एसटीच्या ड्रायव्हरमुळं. नेहमीच्या फेरीला तिथून जाताना त्याला गाव दिसलं नाही, नुसता चिखल दिसला. रोज एकाच रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला काय असायला हवं आणि काय नाही ते आधी कळतं.

बाकीच्या घाटांत आमची लिंबं क्वचित जातात. वरंधा भोरहून महाडला उतरतो, देखणा आणि अरुंद, पावसाळ्यात अवजड गाड्यांना बहुतेक बंदच. ताम्हिणीत हल्ली हौशी लोकांच्याच गाड्या जास्त. आंबेनळीचं नाव घेतलं की ड्रायव्हर लोक गप्प होतात. 28 जुलै 2018 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस तिथं दरीत गेली, तीस जण गेले, एकच वाचला. खंबाटकीला पुण्याहून साताऱ्याला जाताना घाट चढायचा आणि येताना बोगद्यातून यायचं, ही सोय मात्र मला आवडते. चढणारा आणि उतरणारा एकमेकांसमोर येतच नाहीत.

बोरघाटाचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पुरा झाला, लांबी 94.5 किलोमीटर, देशातला असा पहिला. पण घाटात जागाच नसल्यानं जुना महामार्ग आणि हा मार्ग आडोशी ते खंडाळा या भागात एकत्र येतात. दोन रस्त्यांची गर्दी एका रस्त्यात. अमृतांजन पुलाचे खांब मध्येच उभे होते, ते एप्रिल 2020 मध्ये, लॉकडाऊनमध्ये रस्ता रिकामा असताना, पूल पाडून काढले. या गर्दीवर उपाय म्हणून खोपोली ते कुसगाव असा तेरा किलोमीटरचा नवा तुकडा, मिसिंग लिंक, आखला: दोन बोगदे, त्यातला एक जवळजवळ नऊ किलोमीटरचा, लोणावळ्याच्या तलावाच्या खालून, आणि दरीवर तारांनी तोललेला पूल. अंतर सहा किलोमीटरनं कमी होतं. अंतराचं मला विशेष नाही. दरड आणि धुकं टळतं, ते मोठं.

माझी तक्रार वेगळी आहे. कोटीकोटींचे बोगदे होतात, पण घाटाच्या माथ्यावर भरलेल्या ट्रकनं अर्धा तास थांबून ब्रेक गार करावेत, ड्रायव्हरनं तोंड धुवावं, पाठ टेकावी, अशी धड जागा बहुतेक घाटांवर नाही. रस्त्याच्या कडेला थांबलं तर दंड, न थांबलं तर गरम ड्रमवर उतार. रात्री दोनला डोळा लागलेल्या ड्रायव्हरला बोगदा सरळ असल्याचा उपयोग नाही, उलट सरळ रस्त्यावरच झोप जास्त येते.

मुलगा खूष आहे. नवा रस्ता मिळाला की घरून जेवून निघायचं, वाटेत ढाब्यावर थांबायचं नाही, असा त्याचा बेत. त्याच्या आईला ते पसंत आहे. मी त्याला तो नकाशा मोबाइलवर मोठा करून दाखवायला लावला. कुसगाव वर आहे, खोपोली खालीच आहे. वळणं गेली तरी उतरायचं तेवढंच आहे, फक्त आता ते भिंतीआड दिसणार नाही. "मग कुठला गिअर?" मी विचारलं. तो हसला, म्हणाला, "तुम्हीच सांगा, तुम्ही कुठं थांबताय." पुढच्या हस्त बहाराला गाडीत शेजारी बसून जायचं ठरलंय, वाशीपर्यंत.